अण्णांची प्रवचनं आणि ताईंची सही

पत्र:

माझं वय एक्केचाळीस. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. माझ्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. सासरचं घर वारकरी. सासरे, म्हणजे अण्णा, माळकरी आहेत. गेल्या वर्षभरापासून ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका महाराजांची प्रवचनं टाकतात. विषय एकच: स्त्रीमुक्तीवाल्यांनी घरं मोडली, लक्ष्मीला बरोबरी शिकवून रस्त्यावर आणलं, कायदे सगळे बायकांच्या बाजूचे, आणि हे सगळं परदेशातून आलेलं खूळ. मी बघून सोडून देत होते. पण दिवाळीत माझी अकरावीतली मुलगी सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाली, "तुम्हाला फुकटची मोलकरीण पाहिजे." आणि आजीला म्हणाली, "तू गुलाम आहेस, तुला ते कळतसुद्धा नाही." सासूबाई तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. आमच्या ह्यांचं म्हणणं, तू मध्ये पडू नकोस. मला मुलीचं बरंचसं पटतं. पण मी रोज हरिपाठ म्हणते, एकादशी धरते, मला देव सोडायचा नाही. मुलगी म्हणते, दोन्ही एकत्र जमत नाही. गंमत म्हणजे अण्णाही तेच म्हणतात. मी अण्णांना काय उत्तर देऊ? त्यातून जानेवारीत नणंदबाई हक्कसोडपत्रावर (माहेरच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर) सही करायला येणार आहेत, त्याही जरा नाराज वाटतात. घरात बोलायची सोय राहिलेली नाही.

– एक सून

उत्तर:

सूनबाई (पत्राखाली तुम्ही तेच लिहिलंत, म्हणून मीही तेच म्हणते),

प्रवचनाला उत्तर देऊच नका. महाराज मोबाइलच्या पलीकडे आहेत, त्यांना तुमचं ऐकू येत नाही. आणि स्त्रीवाद चांगला की वाईट असा वाद घरात एकदा पेटला की जगातल्या प्रत्येक आगाऊ बाईचा हिशेब तुम्हाला द्यावा लागतो, आणि जगातल्या प्रत्येक सोशिक बाईचं पुण्य अण्णांच्या खात्यावर जमा होतं. त्या वादात तुम्ही हरणार. मीही हरले असते.

विषय घरात आणा. टोमणा न मारता, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात विचारा: "अण्णा, बायकांना गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जे मिळालं, त्यातलं नेमकं काय परत घ्यावं असं वाटतं तुम्हाला? आणि आपल्या घरात कोणाकडून?" सुनेचा पगार? त्यावर तर हप्ता चाललाय. नातीची अकरावी? उद्या जावयानं लेकीवर हात उचलला तर तिला कोर्टात जायची सोय? शंभरातले बरेच अण्णा इथे म्हणतील, "छे गं, आपल्या घरातल्यांचं नाही म्हणत मी." म्हणजे राग आहे तो कुठल्याशा न पाहिलेल्या बायकांवर. काही जण मात्र सांगतीलही, की हो, अमुक एक परत घ्यायला हवं. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, निदान भांडण कशावरून आहे ते कळलं.

तुमच्या घरात ते काय आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहूनच टाकलंय.

वर्षभर प्रवचनं आणि जानेवारीत हक्कसोड. अण्णांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. बहुधा तसं नसेलच, आपल्याकडे लेकीनं सही करणं हा रिवाजच समजतात. पण "आमच्या बायका हक्कबिक्क मागत नाहीत, त्या घर जोडून ठेवतात" हे वर्षभर रोज सकाळी कानावर पडत असताना ताईंनी, म्हणजे तुमच्या नणंदबाईंनी, "मला विचार करायला वेळ द्या" एवढं तरी कसं म्हणावं? धर्माच्या नावानं चाललेली चर्चा सातबाऱ्यावर येऊन थांबते, हे काही तुमच्याच घरात घडत नाही. हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल आलं तेव्हाही विरोधकांचं म्हणणं हेच होतं: मुलींना वाटा दिला तर भावाबहिणींत वैर येईल, कुटुंब फुटेल, धर्म बुडेल. स्वामी करपात्रींसारखे संन्यासी त्या विरोधात रस्त्यावर उतरले. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्या-तुकड्यानं मंजूर झालं.

ताईंना हे तेवढं सांगा. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तोही जन्मापासून. महाराष्ट्रानं त्या दिशेनं १९९४ मध्येच कायदा केला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायला हवेत ही शंकाही मिटवली. अण्णांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी, ती ते इच्छापत्रानं कोणालाही देऊ शकतात. हक्कसोडपत्र नोंदणी करूनच होतं, आणि एकदा झालं की मोडणं फार अवघड. सही करायची तर कराव्यात त्यांनी, त्यांची इच्छा. पण कागद आधी घरी नेऊन, आपल्या वकिलाला दाखवून. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आता अण्णांचं जिथे बरोबर आहे तिथे ते मान्य करून टाका, त्यात कमीपणा नाही. कायद्याचा गैरवापर होतो का? होतो. सासरच्या छळाच्या ४९८अ कलमाखाली घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सरसकट अटक व्हायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच बजावलं की अटक आपोआप करू नका, आधी गरज तपासा. म्हणजे ही टीका ऐकली गेलेली आहे, तिच्यावर उपाय झालेला आहे. पण तीच टीका करणाऱ्यानं दुसऱ्या बाजूचा आकडाही ऐकून घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या (१८ ते ४९ वयाच्या) बायकांपैकी २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेक घरांना कोणी "मोडलेलं घर" म्हणत नाही. ती सगळी उभी आहेत.

"परदेशातून आलेलं खूळ" याचा मला मनापासून कंटाळा आलाय, पण अण्णांना सांगायला म्हणून सांगते. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली), आणि वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर आगपाखड सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं आणि विचारलं, जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? ताराबाई विलायतेला गेल्या नव्हत्या. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना उत्तर दिलं ते जोतीराव फुल्यांनी. जोतीरावांनी थॉमस पेनही वाचला होता आणि अखंडही अभंगाच्या वळणाचे लिहिले. बाहेरून काही आलंच नाही असं मी म्हणणार नाही, आलं. रेल्वे आली तसं तेही आलं, आणि वारीला जायला अण्णा रेल्वे वापरतातच.

पण धार्मिक टीकेला लोकांनी उत्तर कसं दिलं याचा मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो प्रसंग पुण्यातला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. उच्चवर्णीय विधवा मुलींना शिकवायचं, पायावर उभं करायचं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या, संस्थेला पैसा अमेरिकेतून. सनातनी ओरडले, शिक्षणाच्या नावाखाली बाटवाबाटवी चाललीय. 'केसरी'नं झोड उठवली. आता, हा आरोप निव्वळ कांगावा होता का? नव्हता. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात होत्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे मूळचे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई त्याच शारदासदनातल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आपला आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. टीकेतला खरा भाग कोणता, तर मुलींचा धर्म सुटेल ही भीती. कर्व्यांनी तेवढं कारण काढून घेतलं आणि काम तेच केलं. मग विरोध संपला का? मुळीच नाही! विधवेनं शिकणं, पुन्हा लग्न करणं हेच ज्यांना नको होतं ते तसेच विरोधात राहिले, फक्त आता त्यांना धर्मांतराचं निमित्त उरलं नाही. ज्यांचा आक्षेप खरंच धर्मांतरापुरता होता ते वळले. मला वाटतं अण्णा कोणत्या गटातले आहेत हे तुम्हाला अजून ठाऊक नाही, आणि ते ठाऊक होईपर्यंत त्यांना त्या कायमच्या विरोधकांच्या गटात ढकलू नका.

ग्रंथांच्या अवतरणांची मात्र कुस्ती खेळू नका. "जिथे स्त्रियांची पूजा होते तिथे देव रमतात" हे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि बाई कधीच स्वतंत्र राहण्यास योग्य नाही, लहानपणी बाप, मग नवरा, मग मुलगा तिला सांभाळणार, हे त्याच मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात. महाराज पहिलं सांगतात, तुमची मुलगी दुसरं शोधून काढेल, आणि रात्रीचे साडेअकरा वाजतील.

तुमच्या देवाबद्दल. "दोन्ही एकत्र जमत नाही" हे अण्णा आणि नात या दोघांना एकाच वेळी पटलंय, याची मलाही गंमत वाटली. दोघांनाही शिऊरच्या बहिणाबाईंची आठवण करून द्या. सतरावं शतक. लहान वयात मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न. तुकोबांना गुरू मानलं म्हणून ब्राह्मण नवऱ्यानं मारलं, कारण शूद्राच्या पायाशी बसणं त्याला मान्य नव्हतं. त्या बाई आपल्या अभंगांत सरळ विचारतात, की वेदपुराणं बाईच्या संगतीत हित नाही म्हणतात, आणि मी तर देहानंच बाई, मग मी परमार्थ कसा साधायचा? आणि त्याच बहिणाबाईंनी पतिव्रतेचा धर्म सांगणारे अभंगही लिहिले आहेत. नवरा हाच देव म्हणणारे. महाराज ते अभंग सांगतात, चळवळीतली माणसं पहिले सांगतात. बाई एकच. तिनं नवरा सोडला नाही, तुकोबाही सोडले नाहीत, आणि प्रश्नही गिळला नाही. तुम्हाला हरिपाठ म्हणता म्हणता असा प्रश्न पडत असेल तर तुम्ही परंपरेच्या बाहेर गेलात असं कोणी म्हणू शकत नाही. जनाबाईंनी तर डोईचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात जायची भाषा केली होती. विठ्ठलानं काही तिला ग्रुपमधून काढलं नाही.

आणि हे फक्त संतांच्या काळापुरतं नाही. शनिशिंगणापूरच्या, बायकांना बंदी असलेल्या चौथऱ्यासाठी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या त्या पुण्याच्या विद्या बाळ. त्या स्वतः काही देवदेव करणाऱ्या नव्हत्या, त्यांचा मुद्दा हक्काचा होता. पण त्या चौथऱ्यावर जाऊन तेल वाहायला ज्या बाया थांबल्या होत्या त्या भाविक होत्या. त्याच वर्षी हाजी अलीच्या दर्ग्यात आतवर जाण्याचा हक्क मुस्लिम बायकांनी कोर्टातून मिळवला, तोही श्रद्धा असलेल्या बायकांनीच. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. गावातलं देऊळ बंद पडल्याचं ऐकिवात नाही.

आता सासूबाई. माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी जखम तिथे आहे, आणि अण्णांशी वाद घालण्याच्या नादात ती मागे पडलीय.

तुमच्या मुलीनं जो शब्द वापरला तो वाईट आहेच, पण चुकीचाही आहे. सासूबाईंनी चाळीसेक वर्षं या घरात घातली. पहाटे उठणं, सगळ्यांच्या नंतर जेवणं, स्वतःच्या सासूचं ऐकून घेणं. त्या बदल्यात त्यांना काय मिळालं? किल्ल्या, सुनेवर शब्द चालवण्याचा अधिकार, गावात मान, म्हातारपणी कोणी बघेल याची खात्री. तुर्कस्तानच्या अभ्यासक डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटलंय. आणि सौदा करणारी माणसं डोकं वापरतात, तुमच्या मुलीनं आजीला तेवढं तरी श्रेय द्यायला हवं होतं. आता सौद्याची शेवटची वसुली यायची वेळ झाली आणि नात म्हणते, तो व्यवहारच बोगस होता. कोण ऐकून घेईल? अमेरिकेत १९७० च्या दशकात समान हक्कांची घटनादुरुस्ती अडली ती अशाच बायकांमुळे. फिलिस श्लाफ्ली नावाच्या कॅथलिक बाईंनी गृहिणींना उभं केलं, की हे लोक तुमचं घरातलं स्थान काढून घेतील आणि बदल्यात काही देणार नाहीत. ३८ राज्यांची मंजुरी हवी होती, मुदत संपली तेव्हा ३५ वर अडकली होती. त्या भीतीत अतिशयोक्ती होती, पण गृहिणीच्या कामाला चळवळीनं काय किंमत दिली, हा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडेही घरात राबणाऱ्या बाईला "काही करत नाही" म्हणणाऱ्या शिकलेल्या पोरी मी ऐकल्यात. त्यांच्यापेक्षा महाराज निदान तोंडदेखलं तरी "लक्ष्मी" म्हणतात!

तोंडदेखलं का म्हणते, तर २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवते असं दिसलं, आणि घरकाम करणारा पुरुष ९७. लक्ष्मीला पाच तास. हे प्रवचनात येत नाही. अण्णांना वाद घालायचाच असेल तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आणि सासूबाईही तिथेच बसलेल्या असू द्यात. या आकड्यावर त्यांचं काय म्हणणं आहे ते अण्णांनाही एकदा ऐकू दे.

मुलीला सांगा, शब्दाबद्दल माफी माग, मताबद्दल मागू नकोस. दोन्ही वेगळं करता येतं आणि अकरावीत ते यायला हवं. "आजी, मी तुला तसं म्हणायला नको होतं" एवढं पुरे. "पण" लावून पुढचं वाक्य जोडू नये, अजिबात. फुकटच्या मोलकरणीबद्दल ती अण्णांना जे म्हणाली ते मी मागे घ्यायला सांगणार नाही, आवाज कमी करायला फारतर सांगेन.

राहिले तुमचे "हे". मध्ये पडू नकोस, असं ते म्हणतात. मला विचाराल तर मध्ये तुम्ही आहातच, बाहेर ते आहेत. आणि त्यांना फार सोयीचं आहे ते. ज्या बापाशी बोलायचंय तो त्यांचा, जिच्या सहीचा प्रश्न आहे ती बहीण त्यांची, आणि ताईंचा वाटा सुटला तर तो जाणार यांच्याच नावावर. सुनेनं हा विषय काढला तर "सून घर फोडते" हे वाक्य तयारच असतं, महाराजांचं एक प्रवचन त्यावर आलंच असेल. मुलानं काढला तर ते वाक्य चालत नाही. तेव्हा त्यांना जानेवारीच्या आधी, स्वयंपाकघरात नको, बाहेर कुठेतरी नेऊन विचारा, ताईंनी सही केली नाही तर तुम्ही काय करणार? उत्तर देईपर्यंत गप्प बसा. तुमच्या नवऱ्याचं यावरचं मत तुम्हालाच माहीत नाही असं पत्रावरून दिसतं, आणि अण्णांच्या मतापेक्षा ते कळणं जास्त निकडीचं आहे.

आणि हो, ग्रुप सोडू नका. आवाज बंद करून ठेवा. ताईही त्याच ग्रुपवर असतील, आणि एखाद्या सकाळी त्या काही लिहितील तर त्यांना दिसलं पाहिजे की वाचणारं घरात कोणीतरी आहे.